कार्डावरचं दुसरं नाव

कुडवा, गोंदिया
९ जानेवारी २०२५

प्रिय उमराव,

प्रेमिलाच्या तेरवीला तू आलास, दोन दिवस राहिलास. त्यानंतर मी तुला काहीच कळवलं नाही. आज लिहितो आहे, कारण ही गोष्ट फोनवर बोलता येत नाही. घरात सून असते. शिवाय तिकडे इटियाडोह धरणाकडे तुझी रेंज जाते आणि तू नुसता ओरडत राहतोस.

प्रेमिलाचा रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर तसाच आहे. ती गेल्यापासून कोणी लावला नव्हता. परवा दुपारी सूनबाईने लावला. फर्माईशीचा कार्यक्रम चालू होता. प्रेमिला त्या कार्यक्रमाला पोस्टकार्डं पाठवायची हे तुला माहीत आहे. कोणतं गाणं हवं ते लिहायचं आणि खाली ऐकणाऱ्यांची नावं. गाण्याआधी निवेदिका ती नावं वाचते. आपल्या जिल्ह्यात अशा ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सध्या तुम्ही काय ऐकता, आम्ही काय ऐकतो, असं ते एकमेकांना पत्राने कळवायचे. मला गाण्यातलं कळत नाही, म्हणून मी कधी त्यात पडलो नाही.

निवेदिका म्हणाली, "इस गीत को सुनना चाहते हैं, कुडवा, गोंदिया से प्रेमिला कापगते और पिपरटोला, आमगाव से मनिराम रहांगडाले."

विळीवरचा सूनबाईचा हात थांबला. "बाबूजी, आईचं नाव!" म्हणाली आणि रडायला लागली. थोड्या वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, "मनिराम कोण जी?"

मी म्हटलं, "असेल कोणी."

उमराव, ती नोव्हेंबरमध्ये गेली. मग हे कार्ड कोणी पाठवलं? ज्याने पाठवलं त्याने तिच्या नावाला आपलं नाव जोडलं. नावं दोनच होती. माझं नाही, आमच्या मोहितचं नाही, सुनेचं नाही. गाणंही एका बाईने आणि एका पुरुषाने मिळून म्हटलेलं.

मी तिचा फोन पाहिला. सिम मोहितने बंद केलं आहे, पण नंबर आहेत. मनिराम नावाचा एकही नाही. म्हणजे काहीच नाही असं धरायचं, की नाव मुद्दाम ठेवलं नाही असं धरायचं? आमगावला तिची बहीण शांतीबाई आहे. प्रेमिला दर हिवाळ्यात चार-सहा दिवस तिच्याकडे जायची. पण जिची बहीण नुकती गेली त्या बाईला हे कोणत्या तोंडाने विचारू?

मला कोणाशी भांडायचं नाही. इतकी वर्षं ती या घरात मनाने होती, की नुसती राहत होती, तेवढं मला कळलं पाहिजे. परवापासून तिच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला हात पुढे जात नाही. सूनबाई लावते.

तुझा,
केशोराव


गोठणगाव
१६ जानेवारी

केशो,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरीत तुझ्या टेबलावरून कागद हलत नव्हता, आणि आता रेडिओवरच्या एका नावासाठी एवढं लांब पत्र!

काऊन असं करून राहिला बावा? वहिनीनं तुले इतकी वर्षं जेवू घातलं, तुझ्या आईचं सगळं केलं. माझंही नाव एकदा पाच-सहा नावांच्या रांगेत रेडिओवर आलं होतं. वहिनीनंच टाकलं होतं, मले न विचारता. माझ्या घरी झगडा झाला. बायको म्हणे, कोन व्हय ही प्रेमिला? मी म्हटलं, अवो, केशोची घरवाली. तर म्हणे, मंग केशोचं नाव काऊन नाही?

मेलेल्या माणसावर शक करायचा म्हणजे मोठी गैरसोय. सफाई द्यायले तो येत नाही. म्हणून जिवंत माणसाले विचार. आमगाव कोणतं दूर आहे? गाडीत बस, उतर, मनिरामचं घर पूस. पण तू जाणार नाहीस. कालव्याचं पाणी सोडायचं असलं तरी तुले तीन सह्या लागत. मंग एक काम कर, वहिनीच्या नावानं त्याले कार्ड टाक. 'सध्या काय ऐकून राहिले जी?' वहिनी गेली हे त्याले माहीत असलं तर भूत आलं म्हणून बोंबलत सुटेल. माहीत नसलं तर बोलेल.

हे मी मजाक करून राहिलो. तुले मजाक समजत नाही म्हणून खाली लिहून ठेवतो.

उमराव


कुडवा, गोंदिया
२० जानेवारी

श्री. मनिराम रहांगडाले यांना नमस्कार.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. तुमची तब्येत कशी आहे? या महिन्यात रेडिओवर आपल्या दोघांची नावं ऐकली. सध्या तुम्ही काय ऐकता ते कळवा. मी दुपारचा कार्यक्रम ऐकते. बोटाला लागलं आहे, म्हणून अक्षर नीट येत नाही.

प्रेमिला कापगते


पिपरटोला, ता. आमगाव
२८ जानेवारी

प्रेमिलाताईंना नमस्कार.

कार्ड मिळालं. अक्षर पाहून काळजी वाटली. तुमची 'ल' ची वेलांटी पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून ओळखतो आम्ही. या कार्डावरची तशी नाही. बोटाला काय झालं? कोणत्या हाताचं बोट? डॉक्टरला दाखवलं काय? घरी सगळे तुमच्याशी बरे आहेत ना?

आम्ही सध्या संध्याकाळचे जुने दोगाने, बाई-माणसानं मिळून म्हटलेले, ऐकून राहिलो. सेल कमजोर आहेत, आवाज येतो जातो. रेडिओ खिडकीत ठेवला की थोडं साफ येते. काल एक लागलं होतं, नावेतलं. नावाडी गातो आणि काठावरची बाई फक्त शेवटी एक ओळ म्हणते. तुम्हाला ते आवडत नव्हतं. तुम्ही म्हणायच्या, बाईला एकच ओळ कायले दिली?

या साली तुम्ही आल्या नाही. चिन्नोर तांदूळ वेगळा काढून ठेवला आहे तुमच्यासाठी. दरसाल स्वतः घेऊन जाता, या साली कोणाच्या हाती पाठवू? घरी कोणी विचारलं तर काय सांगाल?

मनिराम रहांगडाले


कुडवा
३० जानेवारी

प्रिय उमराव,

तू मजाक म्हणाला होतास. मी कार्ड टाकलं. उत्तर आलं. पोस्टमन माझ्याकडे पाहत म्हणाला, "साहेब, बाईंच्या नावानं आहे." मी हात पुढे केला.

पत्राची नक्कल सोबत ठेवतो. त्याला तिची वेलांटी ओळखता येते. मला येते का? मी तिची सही सोडून काही पाहिलेलं नाही. आणि तांदूळ! दर हिवाळ्यात ती आमगावहून चिन्नोर आणायची. शिजताना वास मागच्या दारापर्यंत यायचा. "शांतीबाईच्या शेतातला," म्हणायची. मी दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचो. तो या माणसाच्या धानाच्या बांधीतला होता.

"घरी सगळे तुमच्याशी बरे आहेत ना?" हे वाक्य पाहा. कोणाला असं विचारतात? जिने घरचं काही सांगितलं असेल तिलाच. मग तिने काय सांगितलं?

मला आता थांबता येत नाही. त्याला पुन्हा लिहायचं तर गाण्यांबद्दल लिहावं लागेल, म्हणून दुपारी रेडिओजवळ बसतो. सूनबाईला वाटतं मी आईच्या आठवणीने बसतो. ती चहा आणून ठेवते आणि दार हळूच ओढून घेते. मला तिच्यासमोर लाज वाटते.

केशोराव


कुडवा, गोंदिया
१ फेब्रुवारी

श्री. मनिराम यांना नमस्कार.

उजव्या हाताचं बोट आहे. बरं होत आहे. घरी सगळे चांगले आहेत. माझे मालक स्वभावाने शांत आहेत, त्यांचा काही त्रास नाही. तुम्हाला तसं का वाटलं?

सध्या मी दुपारी एक गाणं ऐकते, त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी बासरी येते आणि मध्येच कोणी हाक मारल्यासारखी थांबते. ते आठवड्यात दोनदा लागलं. पहिल्यांदा बासरीकडे लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा मी तिचीच वाट पाहत होते, त्यामुळे शब्द निसटले. दोन्ही एकाच वेळी कसं ऐकतात ते तुम्हाला माहीत असेल.

तांदूळ तूर्त पाठवू नका. मागच्या हिवाळ्यात आपण भेटलो होतो. तेव्हा मी काय म्हटलं होतं ते तुम्हाला आठवतं का?

प्रेमिला कापगते


पिपरटोला
१० फेब्रुवारी

प्रेमिलाताईंना नमस्कार.

बासरीचं तुम्ही लिहिलं ते वाचून आम्ही पण ऐकलं. खरं आहे, थांबते. पण ताई, तुम्ही तर नेहमी म्हणायच्या की शब्द पहिले, वाजंत्री नंतर. आता बासरीचं कसं काय सुचलं?

मागच्या हिवाळ्यात भेटलो ते सगळं आठवते. तुम्ही काय म्हटलं ते सांगतो, पण पहिले तुम्ही एक सांगा. तुम्ही दरसाल येता तेव्हा आमच्यासाठी एक वस्तू आणता. कधी विसरल्या नाही. ती या साली पाठवून द्या, गरज पडून राहिली. वस्तूचं नाव आम्ही लिहीत नाही. तुम्हाला माहीतच आहे.

शांत माणसांचंच जास्त भेव वाटते, ताई. सांभाळून राहा.

मनिराम रहांगडाले


गोठणगाव
१२ फेब्रुवारी

केशो,

तुले मजाक समजत नाही हे मी लिहून ठेवलं होतं, तरी तू केलंच. आता भोग.

पण नक्कल वाचली आणि मले त्यात गडबड दिसून राहिली. आपल्याकडचा कोणता गडी माणूस विचारते, की कोणत्या हाताचं बोट आणि डॉक्टरले दाखवलं काय? माझं बोट मशीनमध्ये गेलं होतं तेव्हा तू विचारलं, रजेचा अर्ज कुठं आहे? हे बाईचं लिहिणं आहे, नाही तर मंग बाई लिहून देऊन राहिली.

दुसरं. तो तुले ओळखून राहिला असं मले वाटते. माशाले गळ लावायले तू गेला आणि गळ तुझ्याच तोंडात आहे. आता कार्ड टाकू नको. जा आणि भेट. मी येतो सोबत, पाहिजे तर.

उमराव


कुडवा, गोंदिया
१५ फेब्रुवारी

श्री. मनिराम यांना नमस्कार.

मागच्या वेळी तुमच्यासाठी स्वेटर आणला होता. या वर्षी बोटामुळे विणता आला नाही. क्षमा असावी.

मी काय म्हटलं होतं ते आता लिहा.

प्रेमिला कापगते


पिपरटोला
२२ फेब्रुवारी

पत्र लिहिणाऱ्यास,

तुम्ही प्रेमिलाताई नाही. पहिलं कार्ड आलं तेव्हाच मला समजलं होतं.

मी मनिराम यांची बायको, रीता. मनिराम वारले, तिसरं वर्ष चालू आहे. धानात पाणी पाहायला गेले आणि बांधावरच पडले. तेव्हा प्रेमिलाताई आमच्या घरी आल्या होत्या. माझ्याजवळ भिंतीला टेकून दिवसभर बसल्या. यांच्या फोटोला हार घातलेला त्यांनी पाहिला. ती बाई यांना 'तब्येत कशी आहे' म्हणून कार्ड टाकेल काय?

यांच्या नावानं उत्तर मी दिलं. खोटं लिहिलं, पण खोटं तुम्ही पहिले लिहिलं. पहिले वाटलं कोणी मस्करी करून राहिला. मग ताईंचा फोन लावला तर बंद. हिवाळा गेला, ताई आल्या नाही. तेव्हा माझ्या मनात दुसरं आलं. वाटलं, हा ताईंचा नवरा आहे. त्याला काही कळलं, त्यानं फोन काढून घेतला, ताईंना घरात कोंडलं, आणि आता त्यांच्या नावानं पत्र लिहून आम्हाला पकडून राहिला. म्हणून मी पुढे लिहीत राहिली. घरचे बरे आहेत ना म्हणून विचारलं, तर तुम्ही लिहिलं की मालक शांत आहेत. कोणती बाई नवऱ्याबद्दल आपणहून असं लिहिते?

ताई स्वेटर विणत नाहीत. सुई दिसली की त्यांना झोप येते. त्या आमच्यासाठी रेडिओचे सेल आणायच्या.

आता सरळ लिहा. ताई कुठे आहेत? उत्तर नाही आलं तर माझा भाऊ कैलाश आणि मी कुडव्याला येतो. पत्ता तुम्हीच दिला आहे. चार लोकांसमोर विचारीन. मला लाज नाही आणि भेवही नाही.

रीता मनिराम रहांगडाले


कुडवा, गोंदिया
१ मार्च

श्रीमती रीताबाई यांना केशोराव कापगते याचा नमस्कार.

तुम्ही ओळखलं ते बरोबर आहे. मी प्रेमिलाचा नवरा. तिला मी कोंडलेलं नाही. प्रेमिला १७ नोव्हेंबरला वारली. कावीळ झाली होती. इथे उतरली नाही म्हणून नागपूरला नेलं. तिथून तिला बोलतं आणता आलं नाही.

हे तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. पण तुम्ही आहात हेच मला माहीत नव्हतं. तिच्या फोनमध्ये 'रीता' असं एक नाव होतं. मी ते ओलांडून पुढे गेलो, कारण मी पुरुषाचं नाव शोधत होतो.

जानेवारीत रेडिओवर तिचं आणि मनिराम यांचं नाव एकत्र ऐकलं. ती गेल्यानंतर ते कार्ड कोणी पाठवलं ते मला समजलं नाही. मनिराम नसतील, तर तुम्ही पाठवलं का? आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव प्रेमिलाच्या नावापुढे का? तुमच्या पत्राने माझा संशय गेला असं मी म्हणत नाही. तो कोणावर ठेवायचा एवढंच आता समजत नाही. ज्याच्यावर होता तो नाही, जिच्यावर होता तीही नाही.

ती दर हिवाळ्यात तुमच्याकडे येत होती, मग मला फक्त बहिणीचं का सांगत होती? ती माझ्याबद्दल काय बोलत होती? जे असेल ते लिहा. गोड करून लिहू नका.

केशोराव कापगते


पिपरटोला
१४ मार्च

भाऊजी,

तुमच्या पत्रावर मी विश्वास ठेवला नाही. पत्र पदरात बांधून आमगावला शांतीबाईंच्या घरी गेली. त्यांनी दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावला. मला विचारावं लागलं नाही.

चार दिवस मला लिहिणं झालं नाही. आता लिहिते.

ते कार्ड ताईंनीच टाकलं होतं, पितृपक्षाच्या वेळी. तेव्हा मला फोनवर सांगितलं होतं. तिथे कार्डांचा ढीग असतो, नंबर लागायला महिने जातात. आपलं नाव कधी लागेल हे कोणालाच माहीत नसते. भुतानं नाही टाकलं आणि मी पण नाही टाकलं.

आता यांच्या नावाचं. ऐकणाऱ्यांच्या मंडळात एक रीत होती. कोणी गेला की त्याचं नाव बंद करायचं नाही. दुसऱ्या घरचा कोणी ऐकणारा ते आपल्या नावानंतर आपल्या कार्डावर लावतो. घरच्यांनी लावायचं नाही. हे म्हणायचे, घरच्यांना आठवण येतेच, त्यात काय विशेष? बाहेरच्या कोणाला येते काय, ते घरच्यांना रेडिओवरून कळलं पाहिजे. यांच्या वेळेपर्यंत मंडळात कार्ड टाकणारे राहिलेच नव्हते. सगळे मोबाईलवर गेले. एकट्या ताई होत्या, म्हणून यांचं नाव ताईंकडे आलं. तुम्ही दोन नावं ऐकून जोडी समजले. मंडळातल्या माणसाला ते ऐकून समजलं असतं की त्यातला एक नाही.

मला पण ही रीत माहीत नव्हती. हे गेल्यावर तीन-एक महिन्यांनी रेडिओवर ताईंच्या मागे यांचं नाव आलं, तेव्हा तुमच्यासारखंच माझं डोकं फिरलं. हिवाळ्यात ताई आल्या तर मी पाणीसुद्धा दिलं नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "तुमचं माझ्या माणसाशी काय होतं?" त्या म्हणाल्या, "भांडण होतं, बाई. त्यांना ढोलकीचं गाणं लागे आणि मला शब्दाचं." मग बसल्या आणि मला रीत सांगितली. पर्समधून सेल काढून यांच्या रेडिओत टाकले. त्यानंतर मी ऐकायला लागली.

तुम्हाला का नाही सांगितलं ते पण मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगितलं तर ते सोबत येतील. म्हणतील, तू एकटी कशाला जातेस? आणि कोपऱ्यात बसून घड्याळ पाहतील. मग मलाही बसवणार नाही." शांतीबाईंकडे जात होत्या हे खोटं नव्हतं. तिथूनच एक दिवस माझ्याकडे येत.

तुमच्याबद्दल त्या जास्त बोलत नव्हत्या. तुम्ही गोड नको म्हटलं, म्हणून जे आहे ते लिहिते. एकदा म्हणाल्या, "आमच्या घरी भांडं पडलं तरच आवाज." मी म्हटलं, मग गाणं ऐकायला बरंच आहे. तर हसल्या. एकदा मी म्हटलं, ताई, तुम्ही इतकं ऐकता, एखादं गाणं म्हणून तर दाखवा. म्हणाल्या, "मला गाता येत नाही. गळा नाही माझा. मी ऐकणारी." कितीही आग्रह केला तरी एक ओळ म्हटली नाही. आमचे हे पण म्हणायचे की मंडळ जमलं तरी प्रेमिलाताईंनी कधी गायला तोंड उघडलं नाही. याच्यावरून तुम्हाला काय समजते ते तुम्ही पाहा. मला यापेक्षा जास्त माहीत नाही.

आता माझं काम. ताईंचं नाव लावायला मंडळात कोणी राहिलं नाही. मी दुसऱ्या घरची आहे, मी लावते. मला कार्ड लिहिता येते हे तुम्ही पाहिलंच आहे. पण यांचं नाव मला लावता येत नाही आणि ताई गेल्यावर ते उघडं पडलं. तुम्ही लावाल काय? तुमच्या मनात यांच्याबद्दल काय काय येऊन गेलं ते मला माहीत आहे. तरी विचारते. नाही म्हटलं तर वाईट वाटून घेणार नाही, पण नाही ते स्पष्ट लिहा.

रीता


कुडवा, गोंदिया
२३ मार्च

श्रीमती रीताबाईंना नमस्कार.

काल कार्ड टाकलं. पहिलं माझं नाव लिहिलं, मग मनिराम रहांगडाले, पिपरटोला. लिहिताना हात अडला नाही असं म्हणणार नाही. 'मनि' लिहून बराच वेळ थांबलो होतो. पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेलो, तेव्हाही कार्ड खिशातच राहू द्यावं असं दोनदा वाटलं. पण टाकलं. ढोलकीचं गाणं मागितलं आहे. मला त्यातलं एकच ओळखता येतं, तेच लिहिलं.

माझा मित्र उमराव काल आला होता. तुमची पत्रं त्याने वाचली. म्हणाला, "केशो, तुले ह्या बाईनं पोलिसात द्यायले पाहिजे होतं." मी त्याला भात वाढला आणि गप्प बसवला.

आता एक गोष्ट. तुम्ही लिहिलं की प्रेमिलाला गाता येत नव्हतं. ती तुम्हाला तसं म्हणाली असेल, मंडळालाही म्हणाली असेल. पण ते खरं नाही. ती गायची. रोज नाही. घरात कोणी नसलं आणि मागच्या अंगणात ती सुपाने धान पाखडत असली, की गायची. रेडिओवरचं नाही. तिच्या माहेरी तलावाची पाळ बांधताना बायका डोक्यावर माती वाहायच्या, तेव्हाचं गाणं होतं. तिच्या आजीने म्हटलेलं. गळा मोठा नव्हता, पण सूर सुटत नव्हता. एवढं मलाही कळायचं.

मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलेला असायचो. मी घरात आहे हे तिला माहीत असायचं. चप्पल दारातच असायची माझी. तरी ती गायची. तुमचं पत्र आल्यापासून मी याचाच विचार करतो आहे. कोणी नसताना, म्हणजे माझ्याशिवाय कोणी नसताना. गाणं चालू असेपर्यंत मी पेपरचं पान उलटत नव्हतो. कागदाचा आवाज झाला की ती थांबायची. एकच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायचो, आणि तिला वाटायचं, किंवा वाटत नसेलही, की मी पेपर वाचतो आहे. यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

आज सकाळी उदबत्ती मी लावली.

प्रेमिलाच्या नावाने रेडिओवरचं कोणतं गाणं मागायचं ते तुम्ही ठरवा. तिची आवड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती अंगणात गायची ते दुसरं गाणं कोणतं, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल. त्याचे शब्द मला पाठ आहेत. ते मी कोणाला सांगणार नाही.

केशोराव कापगते